नाणं आलं नाही, खोटं आलं, की घेतलंच नव्हतं?

बँकेच्या कस्टमर केअरला फोन लागला की जवळजवळ पहिलाच प्रश्न येतो, "हा व्यवहार तुम्ही केला होता का?" ऑनलाइन नाणी घेणाऱ्याचे पैसे परत मिळणार की नाही, हे पुष्कळदा या एका उत्तरावर ठरतं. आणि नेमकं तेच उत्तर लोक संतापाच्या भरात देतात: "नाही हो, फ्रॉड झालाय!"

झालेलं असतं वेगळंच. कार्ड आपलं, ओटीपी आपणच टाकलेला, नाणंही आपणच पसंत केलेलं. फक्त ते आलेलं नसतं, किंवा आलेलं असतं ते पितळेवर चांदीचं पाणी चढवलेलं. पलीकडचा माणूस 'फ्रॉड' शब्द ऐकून 'अनधिकृत व्यवहार' हा खाना भरतो आणि कार्ड बंद करून टाकतो. काही आठवड्यांनी ईमेल येते की व्यवहार ओटीपीने प्रमाणित झालेला आहे, सबब तक्रार बंद. बँकेचं उत्तर तिच्या जागी बरोबरच असतं. तक्रार चुकीच्या खान्यात पडली होती, एवढंच.

आम्ही नागपुरातली चार नाणेवेडी मंडळी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या अशा तक्रारींचे कागद लिहून देतो, बँकेच्या मागे लागतो, सायबर पोलिसांत जाऊन येतो. त्यातून जे ध्यानात आलं ते हे की नाण्यांच्या बाबतीत 'कार्डाची फसवणूक' म्हणजे तीन वेगळी प्रकरणं आहेत. व्यवहार आपण केलाच नव्हता, हे पहिलं. केला, पण माल आला नाही, हे दुसरं. माल आला, पण खोटा किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा, हे तिसरं. तिघांची मुदत वेगळी, पुरावे वेगळे. बँकेच्या अर्जातला रकानाही वेगळा.

पैसे देण्याआधी

नाण्यांच्या दुकानांवर चोरांचा डोळा असण्याचं कारण साधं आहे. नाणं लहान, किंमत मोठी, टपालाच्या पाकिटात मावतं आणि दुसऱ्या दिवशी कुठेही विकता येतं. म्हणून चोरलेल्या कार्डांनी नाणी उचलणारे असतात, आणि नाण्यांच्या दुकानातून कार्डांचे नंबर उचलणारेही असतात. यातला दुसरा प्रकार आपल्या लोकांना फारसा माहीत नाही. विक्रेता अगदी प्रामाणिक असतो, पण त्याची साइट दहा वर्षांपूर्वी कुणा भाच्याने बनवून दिलेली असते आणि त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नसतो. अशा साइटच्या पैसे भरण्याच्या पानात चोर चार ओळींचा कोड घुसवतो. आपण कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही टाईप करतो, तेव्हा तो दुकानाबरोबर चोरालाही पोचतो. नाणं व्यवस्थित घरी येतं. तीन आठवड्यांनी भलत्याच देशातली खरेदी कार्डावर दिसते आणि त्या दुकानाशी तिचा संबंध कुणी जोडत नाही.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप याबाबतीत काही सांगत नाही. मधल्या रस्त्यात कुणी ऐकत नाही, एवढीच त्याची हमी. दुकानात बसलेला चोर आहे की साव, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून कार्डाचा तपशील विक्रेत्याच्या स्वतःच्या पानावर भरायचा आहे, की ओळखीच्या पेमेंट गेटवेच्या पानावर नेलं जातंय, हे आधी बघावं. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे बदली सांकेतिक क्रमांक, ठेवावा लागतो. परदेशी साइटला हे बंधन नाही. तिथे 'कार्ड सेव्ह करा' ही खूण काढूनच पुढे जावं.

भारतात कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहाराला ओटीपीसारखा दुसरा पडताळा लागतो. रिझर्व्ह बँकेने हे २००९ पासून लागू केलं. परदेशी दुकानाला तो लागेलच असं नाही. नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर पैसे जाऊ शकतात. चोरलेला भारतीय नंबर बाहेरच का वापरला जातो, याचं उत्तर इथे आहे. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' हे बटण असतं. ते कायम बंद ठेवायचं आणि खरेदीपुरतं चालू करायचं.

यात एक गोम आहे. पुष्कळ परदेशी विक्रेते ऑर्डरच्या वेळी पैसे घेत नाहीत, पार्सल निघताना घेतात. लिलावात तर बोलीची रक्कम, खरेदीदाराचं कमिशन आणि टपालखर्च एकत्र करून नंतर बिल येतं. तोवर आपण बटण बंद केलेलं असतं, व्यवहार नाकारला जातो आणि दुकानदार ऑर्डर रद्द करून आपल्याला संशयित यादीत टाकतो. कार्ड नेमकं कधी आकारणार, हे आधी ईमेलने विचारून घ्यावं आणि त्या दिवशी बटण चालू करावं. अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे कार्डधारकाचा पत्ता पडताळण्याची यंत्रणा असते, पण भारतीय कार्डांवर ती सहसा चालत नाही. त्यामुळे पहिल्या ऑर्डरला तिकडचा माणूस ओळखपत्र किंवा वायर ट्रान्सफर मागू लागला, तर तो लगेच चोर ठरत नाही. ओळखपत्र देताना आधारचा नंबर मात्र झाकावा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो कुणी मागितला, तर तिथून उठावं.

नाण्यांसाठी कार्ड वेगळंच ठेवावं. बँकेत पडून असलेलं, कमी मर्यादेचं एखादं जुनं कार्ड यासाठी उत्तम. ॲपमध्ये ऑनलाइन मर्यादा नाण्याची किंमत आणि टपालखर्च याच्या किंचित वर लावून ठेवायची. त्या कार्डावर वीजबिल, मोबाइल, ओटीटी असलं काही जोडू नये, म्हणजे उद्या ते बंद करावं लागलं तर घर अडत नाही.

किमतीचा एक हिशेब तोंडपाठ असावा. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा) आणि त्यानंतरचा, १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम. नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात त्या दिवशी चांदीचा जो भाव असेल त्याने गुणावं. कुणी 'असली राणीछाप' नुसत्या चांदीच्या किमतीपेक्षा खाली देत असेल, तर तो चांदी विकत नाहीये. १९३९ चा रुपया किंवा १९११ चा, ज्यातल्या हत्तीला लोकांनी डुक्कर म्हटलं तो, 'स्टॉक क्लिअरन्स'मध्ये कधीच निघत नाही.

विक्रेता भारतातला असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघावा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. पोर्टलवर कायदेशीर नाव आणि पत्ता दिसतो. दुकानाचं नाव एक आणि क्रमांक मोबाइल ॲक्सेसरीजच्या फर्मचा, असं निघालं की विषय संपला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर असायलाच हवं. स्मारक नाणी घ्यायची असतील तर एसपीएमसीआयएल या सरकारी महामंडळाच्या साइटवर पत्ता हाताने टाईप करून जावं. जाहिरातीवर टिचकी मारून जाऊ नये, कारण हुबेहूब पानं बनवणं आता दहा मिनिटांचं काम राहिलंय.

पैसे कशाने द्यायचे? इन्स्टाग्रामवरचा विक्रेता "कार्डला दोन टक्के जास्त पडतील, यूपीआय करा" म्हणतो आणि लोक दोन टक्क्यांसाठी यूपीआय करतात. आमच्या मते ते दोन टक्के विम्याचा हप्ता समजून द्यावेत. कार्डाला चार्जबॅक आहे, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागण्याची सोय. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर आपण स्वतः पाठवलेल्या यूपीआयला तसं काही नाही. कार्डाने वॉलेट भरून वॉलेटातून पैसे देणं हीही फसवी वाट. कार्डाच्या दृष्टीने विकलेली सेवा म्हणजे 'वॉलेट भरलं', आणि ती तर पूर्ण झाली. नाणं आलं नाही याच्याशी कार्ड कंपनीला मग काही देणंघेणं उरत नाही.

ओटीपीचा मेसेज अंकांपुरता वाचू नये. त्यात रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. नाणं ४,२०० चं आणि मेसेजमध्ये ४२,००० असेल, किंवा नाव गेमिंग कंपनीचं असेल, तर ओटीपी टाकायचाच नाही. पैसे देण्याआधी वस्तूचं पूर्ण पान, म्हणजे फोटो, वर्णन, वजन, 'परताव्याच्या अटी' हे सगळं पीडीएफ करून ठेवावं. फसवणारा पहिल्यांदा तेच पान काढून टाकतो.

'घेतलंच नव्हतं'

याची सुरुवात बहुधा किरकोळ असते. एक डॉलर, कधी त्याहून कमी. चोर नंबर जिवंत आहे का हे तपासत असतो. पन्नास-ऐंशी रुपयांचा मेसेज म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि मोठा व्यवहार त्यानंतर, बहुतेक वेळा रात्री येतो. अनोळखी छोटा व्यवहार दिसला की त्याच क्षणी कार्ड बंद करायचं. ॲपमधलं 'तात्पुरतं लॉक' आणि 'कायमचं ब्लॉक' यांत फरक आहे. आधी लॉक करावं, कारण ते एका टिचकीत होतं. मग फोन करून ब्लॉक आणि नवीन नंबर मागावा. कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. गुगलवर शोधलात तर वरचा नंबर चोराचाच असण्याची शक्यता असते, आणि तो "स्क्रीन शेअरचं ॲप टाका" म्हणतो.

मुदतीचं गणित रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं आहे. चूक आपली नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी घात केलाय, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर आपली जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० आणि त्यावरच्या कार्डाला २५,००० रुपये आपल्यावर येऊ शकतात. सातच्या पुढे बँकेच्या धोरणावर. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. गुरुवारी रात्री मेसेज आला आणि दुसरा शनिवार असेल, तर शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. पण इतकं मोजत बसण्याची पाळी येऊच देऊ नये.

ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल तर हे संरक्षण नाही. कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं सगळ्यांत महाग पडतं.

फोनवर तक्रार क्रमांक घ्यावा आणि लगेच बँकेला ईमेल टाकावी: कार्डाचे शेवटचे चार अंक, तारीख, वेळ, रक्कम, दुकानाचं जसंच्या तसं नाव, "हा व्यवहार मी केलेला नाही, ओटीपी आलेला नाही किंवा दिलेला नाही", आणि फोनवरचा तक्रार क्रमांक. फोन पुरावा म्हणून टिकत नाही, ईमेल टिकते. मग १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तिथे हेच तपशील विचारतात, पोचक्रमांक देतात आणि पुढचं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण करावं लागतं. स्पष्ट बोलायचं तर पैसे भारतातल्या खात्यात गेले असतील तर १९३० ला ते अडवता येण्याची आशा असते. परदेशी दुकानात कार्ड घासलं गेलं असेल तर फारशी नाही. तरीही करावं, कारण बँकेचा विभाग पुढे पोलीस तक्रारीची प्रत मागतो आणि ती त्या तारखेची असली तर वजन पडतं. सायबर पोलीस ठाण्यात जाताना प्रिंटआउट दोन प्रतींत न्याव्यात. मोबाइलवरचे स्क्रीनशॉट दाखवत बसलं तर निम्मा दिवस जातो.

कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने तेवढी रक्कम तात्पुरती जमा दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ही जमा 'तात्पुरती' आहे हे विसरू नये. चौकशीत उलटलं तर ती परत वजा होते. दुसरं, कार्डाचं बिल खात्यातून आपोआप पूर्ण भरलं जात असेल तर ते आधी बंद करा. नाहीतर वादातली रक्कमही खात्यातून कापली जाते आणि आपणच आपल्या पैशांच्या मागे फिरतो. वाद नसलेली रक्कम मुदतीत भरून टाकावी. फसवणुकीची तक्रार असलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत बँकेला आकार लावता येत नाही, तरी पुढच्या दोन-तीन बिलांत व्याजाची ओळ डोकावते आहे का ते बघत राहावं. डोकावते.

'आलं नाही'

इथे व्यवहार आपला आहे आणि तसंच सांगायचं. कार्ड ब्लॉक करण्याची घाई नको. अर्जातला खाना 'माल मिळाला नाही' हा. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत चार्जबॅकची खिडकी साधारण १२० दिवसांची असते आणि माल न मिळण्याच्या प्रकरणात ती अपेक्षित पोचण्याच्या तारखेपासून मोजता येते. म्हणूनच 'प्री-बुकिंग'ची नाणी घेताना पोचण्याची तारीख लेखी हवी. "लवकरच" म्हणणाऱ्या विक्रेत्याला तारीख विचारली आणि त्याने दिली नाही, तर तेही उत्तरच. विक्रेत्याला आधी एकदा लेखी विचारणा करून आठवडाभर वाट पाहावी, कारण अर्जात तो प्रयत्न केल्याचा पुरावा मागतात. फक्त "आज निघेल, उद्या निघेल" यात शंभर दिवस घालवू नयेत. बँकेची स्वतःची मुदत व्हिसा-मास्टरकार्डच्या मुदतीपेक्षा लहान असू शकते.

सगळ्यांत त्रासदायक युक्ती खोट्या पोचीची. विक्रेता खरा ट्रॅकिंग नंबर देतो. ट्रॅकिंगवर 'नागपूर, वितरित' दिसतं. पाकीट खरंच नागपुरात आलेलं असतं, पण गेलेलं असतं शहरातल्या दुसऱ्याच कुणाच्या नावे, आणि त्यात असतं फडकं किंवा पाच रुपयांचं की-चेन. बँकेला विक्रेता हे ट्रॅकिंग पुरावा म्हणून पाठवतो आणि प्रकरण आपल्या विरुद्ध जातं. यावर उपाय आहे. ट्रॅकिंगवर वजन दिसत असेल तर ते टिपून घ्यावं. दहा चांदीच्या रुपयांचं पार्सल ११७ ग्रॅम अधिक पॅकिंग हवं. तिथे २० ग्रॅम असेल तर तोच पुरावा. मग आपल्या पोस्टात किंवा कुरिअरच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा: या क्रमांकाची वस्तू कोणत्या नावे, कोणत्या पत्त्यावर दिली, याची माहिती द्यावी. समोरच्याचा पूर्ण पत्ता ते देणार नाहीत, पण 'सदर वस्तू आपल्या नावे व पत्त्यावर नव्हती' एवढं लेखी मिळालं तरी चार्जबॅकला पुरतं. आपल्या भागातल्या पोस्टमनला विचारणं ही पहिली पायरी. शंकरनगर, धरमपेठकडचे ४४००१० मधले पोस्टमन नेहमी पार्सलं घेणाऱ्याला नावाने ओळखतात.

परदेशातून नाणं मागवलेलं असताना "पत्ता अपूर्ण आहे, २५ रुपये भरा" किंवा "कस्टम ड्युटी बाकी" असा दुव्यासह मेसेज येतो, तेव्हा तो खरा वाटतो, कारण आपण पार्सलाचीच वाट बघत असतो. तिथे कार्ड टाकलं की दुसऱ्या प्रकारातलं प्रकरण पहिल्या प्रकारातलं होतं. टपालाने आलेल्या परदेशी पार्सलावर शुल्क असेल तर ते पोस्टात किंवा पोस्टमनकडे, पार्सल हातात घेताना भरतात.

'खोटं आलं'

नाणं ओळखणाऱ्याला यात रस जास्त आणि बँकेला सगळ्यांत कमी. 'मला वाटतं हे नकली आहे' या वाक्याला बँकेत किंमत नाही. आकडे लागतात.

पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ घ्यावा. सुरुवात न फोडलेल्या पाकिटाने: लेबल, शिक्का, चारही कडा. पाकीट काट्यावर ठेवून वजन दाखवायचं, मग फोडायचं, नाणं कॅमेऱ्याच्या नजरेआड न जाता काट्यावर ठेवायचं. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा, स्वयंपाकघरातला चालत नाही. चांदीचा रुपया झिजून ११.५ च्या आसपास येऊ शकतो. १०.८ भरला तर झीज नव्हे, आणि १२ च्या वर कधीच नाही.

वजन जुळलं तरी घनता बघावी. नकली बनवणारे वजन जुळवायला शिकलेत. वाटीत पाणी घालून ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढ्या ग्रॅमचं पाणी त्याने बाजूला सारलं. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला तो सुमारे १.१३ येतो, म्हणजे घनता १०.३ च्या जवळ. पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचं असेल तर १.३५ च्या आसपास. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकावेत, एवढा फरक तेही पाडतात. चुंबकाची परीक्षा चांदीला ठीक, पण १९४७ चा रुपया निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटायलाच हवा. तो चिकटला म्हणून "नकली" ठरवून तक्रार केलेली माणसं आम्ही बघितली आहेत. चिकटला नसता तर तक्रार करायची होती.

मग इतवारीत जाऊन टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घ्यावा. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) मशीनवर दोन मिनिटांत होतो आणि छापील कागद मिळतो. हा कागद बँकेला कळतो. पण मशीन वरचा थरच वाचतं, जाड मुलामा असेल तर ९० टक्के चांदी दाखवेल. म्हणून कडेवर, झिजलेल्या जागी एक आणि पृष्ठभागावर एक असे दोन ठिकाणी घ्यायला सांगावं आणि घनतेचा आकडा जोडावा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ, नाण्याच्या सपाट भागावर बारीक खड्डे आणि कडेवरच्या रेघांत एके ठिकाणी सांधा दिसतो. दहापट भिंगातून त्याचे फोटो घ्यावेत.

शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, यातलं बरंचसं लागू पडत नाही. हाताने ठोकलेली, वजनाला मुळातच कमीजास्त, त्यामुळे वजन पुरावा होत नाही. तिथे अक्षरांचं वळण, ठशाची खोली आणि गंज यावरच बोलावं लागतं. अजब बंगल्यातली, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली, अस्सल नाणी डोळ्यांत बसवून ठेवलेली असतील तर निम्म्या नकला फोटोतच गळतात. विदर्भातली म्हणून सातवाहनांची पोटीन (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची) नाणी विकणारे तर ढिगाने. १९३९ साली तऱ्हाळ्याला सापडलेल्या साठ्याचं नाव घेऊन खपवतात. खरी असली तरी गोत्यात आणणारी आहेत: जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि 'शेतात सापडली' असं लिहिणाऱ्याकडून घेतलेल्या नाण्याची तक्रार घेऊन आपण कुठे उभे राहणार?

प्लॅस्टिकच्या स्लॅबमधलं (तपासून, प्रत ठरवून सीलबंद केलेलं) नाणं असेल तर ते तपासणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर क्रमांक टाकावा आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरचे ओरखडे जुळवावेत. क्रमांक खरा, नाणं दुसरं, हा प्रकार सर्रास चालतो.

अर्जात आता 'नकली माल' की 'वर्णनाप्रमाणे नाही', हे निवडावं लागतं. 'नकली' म्हटलं तर जाणकाराचा लेखी अभिप्राय लागतो, पण नाणं परत करण्याचा आग्रह सहसा होत नाही. 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हटलं तर अभिप्राय नसला तरी चालून जातं, मात्र नाणं परत करण्याची तयारी लेखी दाखवावी लागते. यूएनसी (चलनात न वापरलेलं) म्हणून विकलेलं नाणं पॉलिश केलेलं निघालं, तर ते दुसऱ्या खान्यातलं. ७५ रुपयांचं २०२३ चं संसद भवनाचं नाणं ३५ ग्रॅम आणि ४४ मिलिमीटरचं असतं, त्यात निम्मी चांदी. आलेलं नाणं चांदीचा मुलामा दिलेली 'रेप्लिका' असेल आणि जाहिरातीत तो शब्दच नसेल, तर पहिल्या खान्यातलं. अर्ज दोन परिच्छेदांत संपवावा: जाहिरातीत काय म्हटलं होतं, हातात काय आलं. संग्राहकाची हळहळ त्यात नको.

चार्जबॅक मंजूर झाला तरी परदेशी खरेदीत आकडा जुळत नाही. विनिमय दर बदललेला असतो आणि बँकेने लावलेलं दोन-साडेतीन टक्क्यांचं मार्कअप, त्यावरचा जीएसटी, हे परत येईलच असं नाही. विक्रेता "मी परतावा केलाय" म्हणत असेल तर त्याच्याकडून २३ अंकी एआरएन, म्हणजे परताव्याचा माग काढायचा क्रमांक, मागावा. तो बँकेला दिला की पैसे कुठे अडलेत ते कळतं. एआरएन देता येत नसेल तर परतावा झालेलाच नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालायची गरज नाही. तिथे नाणं खरं की खोटं हेही तपासून मिळत नाही, तरी लोक नाणी घेऊन जातात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने "जुनी नाणी विकून देतो, आधी कमिशन भरा" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं तिने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलेलंच आहे. विक्रेत्याविरुद्ध १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथे करता येते, म्हणजे विक्रेता चेन्नईचा असला तरी प्रकरण नागपुरात चालतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

प्रकरण मिटेपर्यंत ते खोटं नाणं धुवू नये, घासू नये. पाकिटासकट, ऑर्डर क्रमांक आणि मार्करने ठळक 'नकली' लिहिलेल्या फ्लिपमध्ये (नाणं ठेवायच्या छोट्या प्लॅस्टिक पाकिटात) वेगळ्या डब्यात ठेवावं. मुख्य अल्बममध्ये शिरलेलं नकली नाणं दहा वर्षांनी घरातलाच कुणीतरी खरं म्हणून विकायला काढतो.